अपूर्ण अवयव: आरंभ कोणता आणि अवशेष कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्राच्या पुस्तकांत, वैद्यकीय अहवालांत आणि शेतीविषयक सल्ल्यांत ‘प्राथमिक’, ‘अविकसित’, ‘अवशेषी’ असे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात आणि बहुतेक वेळा ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यातून होणारा गोंधळ दूर करण्याच्या हेतूने नेहमीच्या शंका आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

एखादा अवयव ‘प्राथमिक अवस्थेत’ आहे असे म्हणतात, तेव्हा नेमके काय सांगायचे असते?

दोन अगदी निराळ्या गोष्टींपैकी एक. पहिली म्हणजे, तो अवयव नुकताच घडू लागला आहे आणि पुढे त्याची पूर्ण वाढ होणार आहे. गर्भातील हाताचा अंकुर किंवा द्राक्षवेलीच्या डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कळीत, दडलेला सूक्ष्म घड ही त्याची उदाहरणे होत. दुसरी म्हणजे, त्या जीवाच्या पूर्वजांत तो अवयव चांगला वाढलेला होता, परंतु पिढ्यानपिढ्या होत गेलेल्या बदलांमुळे आता त्याचा थोडाच भाग उरला आहे. आपले माकडहाड किंवा अजगराच्या मागच्या पायाचे हाड या प्रकारात मोडते. इंग्रजीतील ‘रुडिमेंट’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. ‘कच्चे, न घडवलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला असल्याने विषयाची पहिली ओळख, अवयवाचा पहिला अंकुर आणि खुरटलेला अवयव हे सारेच त्यात सामावले. मराठीत पहिल्या प्रकाराला ‘अंकुर’ आणि दुसऱ्याला ‘अवशेषांग’ असे स्वतंत्र शब्द असताना दोन्हींना सरसकट ‘अविकसित’ म्हणण्याचे काही कारण नाही.

नुसते पाहून हा फरक ओळखता येतो का?

पुष्कळदा येत नाही. दोन्ही प्रकारचे भाग लहान, अर्धवट आणि बिनकामाचे दिसू शकतात. फरक त्यांच्या इतिहासात असतो, आणि म्हणून तो ठरवण्यासाठी दोन ठिकाणी पाहावे लागते: त्याच जीवाच्या वाढीच्या पुढच्या टप्प्यांत त्या भागाचे काय होते, आणि जवळच्या नात्यातील इतर जीवांत तोच भाग कसा असतो. चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात उतरणीला लागलेले अवयव आणि नव्याने उदयाला येणारे अवयव असा भेद केला आहे आणि तो ओळखणे अनेकदा अवघड असल्याचेही नोंदवले आहे. उतरणीला लागलेल्या अवयवांची तुलना त्याने शब्दाच्या लेखनात टिकून राहिलेल्या, पण उच्चारातून गेलेल्या अक्षरांशी केली: उच्चाराला त्यांचा उपयोग नाही, पण शब्द कोठून आला याचा माग त्यांच्यावरून लागतो.

अवशेषांग म्हणजे निरुपयोगी अवयव, असेच ना?

नाही. ही समजूत शालेय व्याख्यांमुळे इतकी घट्ट बसली आहे की ती खोडून काढणे हेच अशा प्रश्नोत्तरांचे मुख्य काम म्हणावे लागेल. अवयवाने आपले मूळचे काम पूर्णतः किंवा बऱ्याच अंशी सोडले आहे, एवढेच अवशेषांग या शब्दाने सांगितले जाते. तो दुसरे एखादे काम करत असेल, तर त्यास या शब्दाची आडकाठी नाही. शहामृगाचे पंख उडण्याच्या दृष्टीने खुरटलेलेच आहेत, पण धावताना तोल सांभाळण्यासाठी आणि मादीपुढे प्रदर्शन करण्यासाठी तो ते वापरतो.

‘निरुपयोगी’ हा शिक्का घाईने मारण्याची सवय जुनी आहे. जर्मन शरीररचनातज्ज्ञ रॉबर्ट वीडर्सहाइम याने १८९३ साली मानवी शरीरातील ८६ अवशेषांगांची यादी दिली होती. तिच्यातील काही नोंदी पुढील संशोधनात टिकल्या नाहीत. थायमस या छातीतील ग्रंथीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. वाढत्या वयात ती आक्रसत जाते, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिला फारसे महत्त्व दिले जात नव्हते. १९६१ साली जॅक मिलर यांनी दाखवून दिले की रोगप्रतिकारक पेशींच्या जडणघडणीसाठी लहान वयात ती अत्यावश्यक असते. काम सापडले नाही याचा अर्थ काम नाही असा होत नाही, हे शरीरशास्त्राला असे वारंवार शिकावे लागले आहे.

गर्भात हातपाय कोणत्या वेळी सुरू होतात?

फलनापासून मोजल्यास चौथ्या आठवड्याच्या अखेरीस गर्भाच्या शरीराच्या बाजूला हाताचा अंकुर उंचवट्याच्या रूपात दिसू लागतो आणि एक-दोन दिवसांच्या अंतराने पायाचा. प्रारंभी तो निव्वळ पेशींचा फुगवटा असतो. त्यात हाडे नसतात, बोटे नसतात. पुढे टोकाकडचा भाग चपटा होतो, त्यात बोटांच्या रेषा उमटतात, आणि दोन बोटांच्या मधल्या पेशी ठरलेल्या क्रमाने मरून गेल्यामुळे आठव्या आठवड्याच्या सुमारास बोटे सुटी होतात. म्हणजे अवयव घडताना वाढीइतकाच नाशही कामी येतो.

सोनोग्राफीचा अहवाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डॉक्टर गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा गर्भविज्ञानाच्या पुस्तकातील आकड्यापेक्षा साधारण दोन आठवड्यांनी अधिक असतो.

गर्भाला खरोखरच शेपूट असते का?

असते. चौथ्या ते सहाव्या आठवड्यांच्या दरम्यान मानवी गर्भाला स्पष्ट शेपूट असते आणि तिच्यात कण्याच्या मणक्यांचे प्रारंभही असतात. आठव्या आठवड्यापर्यंत ती विरून जाते. उरते ते माकडहाड, म्हणजे बहुधा चार लहान मणके एकत्र जुळून झालेले टोक. आरंभ आणि अवशेष एकाच ठिकाणी पाहायचे झाले, तर याहून सोयीचे उदाहरण मिळणार नाही: गर्भातला अंकुर तोच, पण पूर्ण वाढीपर्यंत न पोहोचता तो मागे फिरतो. मानव आणि वानरकुलातील त्याचे नातलग सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी शेपूट गमावून बसले, आणि टीबीएक्सटी नावाच्या जनुकात शिरलेल्या एका डीएनए-तुकड्याचा त्यात हात असावा, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे दाखवण्यात आले.

माकडहाड बिनकामाचे आहे असे मात्र ते आपटल्यावर कोणी म्हणणार नाही. ओटीपोटाचा तळ सावरून धरणारे स्नायू आणि नितंबाच्या मोठ्या स्नायूचा काही भाग त्याला जोडलेला असतो, त्यामुळेच तेथे मार बसला की उठणे-बसणे कठीण होते.

अक्कलदाढ अवशेषांगात का धरतात?

मूळचे काम, म्हणजे कठीण व कच्चे अन्न दळणे, मागे पडले आणि जबडा लहान झाला, परंतु दाढ घडवण्याचा कार्यक्रम बऱ्याच अंशी तसाच राहिला, म्हणून. सतरा ते पंचवीस या वयात ती बाहेर पडू पाहते, तेव्हा अनेकांच्या जबड्यात तिला जागाच नसते आणि ती आडवी किंवा तिरकी अडकून पडते. सुमारे पाचांपैकी एका माणसात तर चारांपैकी निदान एक अक्कलदाढ कधी तयारच होत नाही.

दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या जबड्याचा ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबडा एका चित्रात दाखवणारा, एक्स-रे पाहण्याची संधी मिळाली, तर अवश्य पाहावा. बाहेर आलेल्या दातांच्या मुळांशी अजून न आलेल्या कायमच्या दातांची टोपणे दिसतात आणि सर्वांत मागे, जबड्याच्या वळणाजवळ, अक्कलदाढेची गोल काळसर पोकळी आणि तिच्यात पांढरट कडा धरू लागलेले टोक दिसते. त्या चित्रापुरते पाहिले तर दोन्ही सारखेच अंकुर आहेत. पुढच्या सुळ्याची वाट बहुधा मोकळी असते, मागच्या दाढेची नसते, एवढाच त्यांच्यातला फरक, आणि तो त्या एक्स-रेत दिसत नाही.

आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) काढून टाकले तर काही बिघडते का?

लक्षात येण्याजोगे बहुधा काही बिघडत नाही, आणि सूज आलेले आंत्रपुच्छ फुटू देण्यापेक्षा काढणे केव्हाही शहाणपणाचे. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार शंभरांतील सात-आठ जणांना आयुष्यात कधी तरी हा त्रास होतो. आंत्रपुच्छ काढल्याची नोंद असलेली पहिली शस्त्रक्रिया क्लॉडियस अमियांड यांनी लंडनमध्ये १७३५ साली अकरा वर्षांच्या मुलावर केली होती.

तथापि हा अवयव रिकामा नाही. त्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक ऊती भरपूर असतात, आणि जुलाबाने आतडे धुऊन निघाल्यावर उपयुक्त जिवाणू तेथून पुन्हा पसरत असावेत, असे अनुमान ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली मांडले. ते सर्वमान्य झालेले नाही, परंतु ‘निसर्गाने विसरलेली पिशवी’ हे जुने वर्णन आता कोणी जाणकार करत नाही.

स्वतःच्या शरीरावर पाहता येईल असे एखादे अवशेषांग आहे का?

आहे, आणि त्याला कोणतेही साधन लागत नाही. तळहात वर करून अंगठा आणि करंगळी यांची टोके एकमेकांना टेकवावीत आणि मनगट किंचित आत वाकवावे. मनगटाच्या मधोमध एक बारीक ताठ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) उठून दिसली, तर तुमच्या हातात पामेरिस लाँगस हा स्नायू आहे. दिसली नाही, तर तो बहुधा नाही. सुमारे १५ टक्के लोकांत तो एका किंवा दोन्ही हातांत नसतो, आणि तो नसल्याने पकडीत लक्षणीय उणेपणा येत नाही. शस्त्रवैद्यांना ही कंडरा फार सोयीची वाटते, कारण दुसरीकडची तुटलेली कंडरा जोडायला ती काढून वापरता येते.

आरशात पाहिल्यास डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात दिसणारी गुलाबी घडी हा तिसऱ्या पापणीचा उरलेला भाग होय. मांजर आजारी असले की तिची ही पापणी अर्धी ओढलेली दिसते, ती घरात मांजर असलेल्यांनी पाहिली असेलच.

पुरुषांची स्तनाग्रे हे अवशेषांग आहे का?

नाही, आणि येथेच अनेकांची चूक होते. पुरुषांचे पूर्वज कधी बाळांना दूध पाजत होते आणि पुढे ते काम सुटले, असे घडलेले नाही. गर्भात स्तनांचे प्रारंभ सहाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे लिंगभेदाची प्रक्रिया आकार घेण्यापूर्वी, काखेपासून जांघेपर्यंत जाणाऱ्या दोन रेषांवर तयार होतात. त्या वेळी मुलगा आणि मुलगी यांची आखणी एकच असते. या रेषांवरचे बाकीचे प्रारंभ विरतात, क्वचित एखादा राहून जातो आणि जादा स्तनाग्र दिसते. गाईम्हशींच्या कासेला चारांऐवजी पाचवे-सहावे सड असण्याचे कारणही हेच आहे. असे जादा सड कालवड लहान असतानाच पशुवैद्याकडून काढून घेतात, कारण पुढे धार काढताना ते अडचणीचे ठरतात.

प्राण्यांमधील ठळक उदाहरणे कोणती?

अजगराच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान नखी असते आणि तिच्या आत मांडीच्या हाडाचा तुकडा असतो. अजगराच्या भ्रूणात मागच्या पायाचा अंकुर खरोखर फुटतो. परंतु त्याची वाढ चालू ठेवणाऱ्या जनुकाला जागे ठेवणारा डीएनएचा नियंत्रक भाग सापांत क्षीण झालेला असल्याने ती वाढ लवकरच थांबते. सापाचा हा नियंत्रक भाग उंदरात बसवला तेव्हा उंदरांचे पायही खुरटले, असे २०१६ सालच्या प्रयोगांत आढळले. उरलेल्या नखीचा नर मीलनाच्या वेळी मादीला स्पर्श करण्यासाठी वापर करतो, म्हणजे पुन्हा तेच: चालण्याचे काम गेले, दुसरे आले.

सह्याद्रीतील देवगांडूळ हे आपल्याकडचे उदाहरण. दिसायला गांडुळासारखा असला तरी हा बेडकांच्या वर्गातला, म्हणजे उभयचर प्राणी आहे. आंबोलीहून २००३ साली वर्णन केलेली ‘गेगेनिओफिस डॅनियली’ ही जात ज्या प्रजातीत मोडते, तिच्यातील प्राण्यांचे डोळे कवटीच्या हाडाखाली झाकलेले असतात. मातीत आयुष्य काढणाऱ्या या प्राण्याला डोळ्यांपेक्षा नाकपुडीजवळच्या छोट्या स्पर्शिकांचाच अधिक उपयोग होतो.

वनस्पतींनाही अवशेषांगे असतात का?

प्राण्यांइतकीच, आणि ती पाहण्यासाठी संग्रहालयात जावे लागत नाही. आंब्याच्या मोहोरातले एक फूल भिंगाखाली धरावे: पाच पुंकेसरांपैकी बहुधा एकच पूर्ण वाढलेला असतो, त्याचा परागकोश जांभळट असतो, आणि बाकीचे चार आखूड व वंध्य असतात. मोहोरातील बहुसंख्य फुले नर असतात, आणि त्यांच्यातही स्त्रीकेसराचा खुरटलेला भाग मधोमध राहिलेला असतो. ज्वारीच्या कणसात कणिशिका, म्हणजे फुलांचे छोटे गुच्छ, जोडीने येतात, त्यांतली बिनदेठाची दाणा धरते आणि देठ असलेली नर किंवा वांझ राहते. केळ्याच्या गरातले काळे ठिपके म्हणजे बी होऊ न शकलेली बीजांडे, आणि कर्दळीच्या फुलात जे आपण पाकळ्या म्हणून पाहतो ते प्रत्यक्षात रंगीत, पसरट झालेले वंध्य पुंकेसर असतात.

द्राक्षबागायतदार ‘सूक्ष्म घडनिर्मिती’ म्हणतात ती कोणत्या प्रकारात बसते?

पहिल्या प्रकारात, म्हणजे आरंभात. आणि या आरंभावर नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या भागांतल्या बागांचे पुढच्या हंगामाचे उत्पन्न ठरते, म्हणून तो नीट समजून घेण्याजोगा आहे. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. खरड छाटणीनंतर फुटलेल्या नव्या काडीवर जे डोळे तयार होतात, त्यांच्या आत साधारण ४० ते ६० दिवसांच्या सुमारास पेशींचा एक इवलासा उंचवटा निघतो. हा उंचवटा सुरुवातीला घडही नसतो आणि बाळीही, म्हणजे वेलीला आधार देणारा ताणाही, नसतो. बाळी आणि फळांचा घड ही दोन्ही एकाच आरंभातून निघतात. त्याला फाटे फुटत गेले तर घड होतो, फाटे कमी राहिले तर बाळी होते.

कोणत्या बाजूला कल जाईल हे त्या दिवसांतील ऊन, पाणी, नत्र आणि वेलीतील संजीवके (वाढीचे नियमन करणारी द्रव्ये) यांवर अवलंबून असते. सायटोकायनीन गटातील संजीवके घडाकडे झुकवतात, जिब्रेलिन बाळीकडे. म्हणूनच या काळात वेल वाजवीपेक्षा जोमाने वाढू नये यासाठी पाणी व नत्र आवरतात, शेंडा मारतात, पानांची दाटी कमी करून डोळ्यांवर ऊन पडू देतात आणि गरजेप्रमाणे सहा-बीए (सायटोकायनीन गटातील एक संजीवक) व युरॅसिलच्या फवारण्या घेतात. वळवाचा पाऊस बरेच दिवस पडत राहिला किंवा आभाळ सतत भरून राहिले, की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो तो याच कारणाने: नुकसान जूनमध्ये होते आणि दिसते ऑक्टोबरमध्ये, छाटणीनंतर फुटीवर घडाऐवजी बाळ्या आल्यावर.

हे आधी कळावे म्हणून फळछाटणीपूर्वी काडी तपासणी करतात. बागेतून नमुन्याच्या काड्या आणून प्रत्येक डोळा पात्याने उभा कापतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डोळ्याच्या मध्यभागी हिरवट-पांढऱ्या फाटे फुटलेल्या गोळ्याच्या रूपात घड दिसतो, आणि काडीवर कितव्या डोळ्यात तो भक्कम आहे त्यावरून छाटणी कोठे घ्यायची ते ठरते. माझ्या मते अवयवाचा ‘आरंभ’ म्हणजे काय हे समजावून सांगायला गर्भविज्ञानाच्या कोणत्याही आकृतीपेक्षा ही तपासणी सरस आहे.

आणि बिनबियांच्या द्राक्षातली ती मऊ कणी?

ती तिसरीच गोष्ट आहे. थॉम्पसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका या वाणांत परागीभवन व फलन होते, बी धरायला सुरुवातही होते, परंतु काही आठवड्यांत त्यातील भ्रूण मरतो आणि बीचा मऊ अवशेष मण्यात राहतो. बीकडून मिळणारी संजीवके त्यामुळे पुरी पडत नाहीत, आणि मणी फुगवण्यासाठी जीएची, म्हणजे जिब्रेलिक आम्लाची, फवारणी घ्यावी लागते. गंमत अशी की जे जिब्रेलिन सूक्ष्म घडनिर्मितीच्या वेळी नकोसे, तेच येथे हवेसे होते. नवे बिनबियांचे वाण काढणारे पैदासकार हा अर्धवट भ्रूण मरण्यापूर्वी काढून प्रयोगशाळेत वाढवतात. म्हणजे थांबणार असलेला आरंभ ते पुढे नेतात.

जन्मतः अपूर्ण राहिलेल्या अवयवाला अवशेषांग म्हणावे का?

म्हणू नये. एखाद्या बाळाचा कान नीट घडला नाही किंवा एक मूत्रपिंड लहान राहिले, तर तो त्या एका व्यक्तीच्या वाढीतला अडथळा असतो. अवशेषांग संपूर्ण जातीच्या इतिहासाविषयी काही सांगते. अहवालात ‘अविकसित’ असे लिहिले असेल, तर तो शब्द कोणत्या अर्थाने आहे आणि त्याचा कामावर परिणाम होतो का, हे डॉक्टरांनाच विचारावे. सहावे बोट यांपैकी कशातच मोडत नाही. ते अतिरिक्त असते, अपूर्ण असेलच असे नाही.

अवशेषांगे कालांतराने नाहीशी होतात का?

काही होतात, काही टिकतात. अवयव वाढवण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च जास्त असेल तर तो घटण्याकडे कल राहतो. खर्च क्षुल्लक असेल किंवा दुसरे काम मिळाले असेल, तर तो फार काळ राहू शकतो. न वापरल्याने एकाच पिढीत अवयव झिजतो आणि ती झीज मुलांत उतरते, ही फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कची कल्पना मात्र सोडून द्यावी.

परीक्षेत व्याख्या विचारली तर ‘निरुपयोगी’ हा शब्द लिहावा का?

पाठ्यपुस्तकात तो असेल, तर गुण जाऊ नयेत म्हणून पुस्तकातली व्याख्या लिहावी, पण जागा असेल तर ‘मूळच्या कार्याच्या दृष्टीने’ हे शब्द त्याआधी जोडावेत. उदाहरणे देताना माकडहाड, अक्कलदाढ, आंत्रपुच्छ आणि कानाचे स्नायू ही नेहमीची चालतात. पुरुषांची स्तनाग्रे, सहावे बोट आणि गर्भातील हाताचा अंकुर ही तीन उदाहरणे देऊ नयेत, त्यांची कारणे वर आली आहेत.